दादारावांच्या मंडपाची वरची बाजू

आभाळाला हात लावलेला माणूस म्हणे! कुणी लावला हात? कवा लावला? सराफसाहेब, उठू नका, बसा. तुमचं बोलून झालं, आता माझं ऐका. तुम्ही आत्ता ह्याच माईकवर म्हणलात, दादारावांनी गगनभरारी घेतली. मी पुढं सतरंजीवर बसून ऐकत होते. शेजारी माझी नणंद रडत होती, ती रडायची थांबली. माझ्या कानात म्हणली, "वैनी, दादा विमानात कवा बसला गं?"

नाय बसला. विमानात नाय, हेलिकॉप्टरात नाय. आणि का नाय बसला, ते मी आज सांगणार आहे. माझ्या हातातला माईक घ्यायला कुणी येऊ नका. घेतला तर मी बिनमाईकचं बोलीन, ते तुम्हाला जास्त ऐकू येईल.

जमलेल्या सगळ्यांना जयभीम. नमस्कार. रशीदभाई, तुम्हाला सलाम. भंतेजींनी वंदना घेतली, तुम्ही सगळ्यांनी फुलं वाहिली, बरं वाटलं. मंडपाच्या लाईनीतले झाडून सगळे आले. ज्यांच्याशी ह्यांची भांडणं होती ते पण आले, आणि ते जरा जास्तच रडले. वाळूजहून शिफ्ट बुडवून आलेत काहीजण. मी काय बोलू? मला बोलता येत नाय. भांडता येतं, बोलता येत नाय. चौथीत शाळा सुटली माझी. सकाळपासून मनात पाठ केलं होतं, माझे मालक मनमिळाऊ होते, सगळ्यांच्या सुखदुःखात उभे राहायचे, असं सगळं. साहेबांचं भाषण ऐकलं आणि सगळं विसरले. बरं झालं. मनमिळाऊ नव्हतेच ते.

मला चारजणी म्हणल्या, कांताबाई, नवरा गेलेल्या बाईनं सभेत बोलायचं नसतं. का बरं? माणूस माझा गेला. मग मी गप बसायचं आणि ज्यांनी त्याला कधी जेवताना पण बघितलं नाय त्यांनी बोलायचं? आणि व्हय, मी नाव घेतेय त्यांचं. दादाराव. जन्मभर अहो, ऐकलं का, असं म्हणलं. आता कोण रागावणार आहे?

जे पाहुणे ओळखत नाहीत त्यांना सांगते. दादाराव म्हणजे दादाराव मंडपवाले. हर्सूलला आमचं घर, घरामागं पत्र्याचं शेड, शेडात बांबू, बल्ल्या, कनाती आणि कापडाचे गठ्ठे. ते मंडप बांधायचे, मी मशीनवर कापड शिवायचे. लग्न, बारसं, पुढाऱ्याची सभा, मयत. माणूस आला तरी आम्ही, गेला तरी आम्ही. आज तुम्ही बसलात तो मंडप पण आमचाच. आमच्या माणसांनी बांधलाय. ती डावीकडची बल्ली वाकडी आहे. ते असते तर आपलीच शोकसभा थांबवून सरळ केली असती.

एके दिवशी हे सराफसाहेब आमच्या दारात आले. म्हणले, "दादाराव, आपल्या शहरात हेलिकॉप्टर आणि ड्रोनचं प्रदर्शन भरवतोय. लांबलांबच्या कंपन्या येणार. मंडप तुमचा." आता बघा, आपल्याकडं हेलिकॉप्टर कशाला येतं? एक तर त्यातनं पुढारी उतरतो, नाय तर श्रीमंताघरचा नवरदेव उतरतो. ह्यांनी विचारलं, "साहेब, पंगत बसून, का उभ्यानं?"

साहेब म्हणले, "अहो पंगत नाही, स्टॉल. कंपन्या आपला माल मांडणार, गिऱ्हाईक बघणार, बोलणी होणार."

हे म्हणले, "कळलं."

काय कळलं नव्हतं. बोलणी म्हणल्यावर तर ह्यांची पक्की खात्री पटली. त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. लग्नाचा मंडप टाकला. गुलाबी सीलिंग, सोनेरी झालर, स्टेजवर दोन महाराजा खुर्च्या. कापड रशीदभाईंच्या शहागंजातल्या दुकानातनं आणलं. रशीदभाई, आठवतं का, तुम्ही काय म्हणला होता? म्हणले, "दादाराव, हेलिकॉप्टर के वास्ते गुलाबी? क्या मियाँ, उसकी शादी है क्या?" हे म्हणले, "रशीदभाई, चार दिवस राहणार, म्हणजे पाहुणाच की तो. पाहुण्याला पांढऱ्यात बसवू का?"

प्रत्येक स्टॉलला टेबल, टेबलाला चुण्यांची चादर. त्यावर कंपनीवाल्यांनी आपापले ड्रोन मांडले. मला तर आहेर मांडल्यासारखंच दिसलं. गावाकडनं एक आजोबा आले होते, पिकावर फवारणी करायचा ड्रोन बघायला. त्यांनी सगळ्या मंडपाला फेरी मारली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, पोरीकडचे कोणते?"

हसा, हसा. ह्यांना हसणारीच माणसं आवडायची. स्वतः हसत नव्हते, ते सोडा.

आता ऐका खरी गंमत. साहेबांनी मधोमध चुन्यानं मोठा चौकोन आखून दिला होता. म्हणले, "इथं डेमो." एवढंच. डेमो म्हणजे काय हे ह्यांनी विचारलं नाय, आणि त्यांनी सांगितलं नाय. ह्यांना वाटलं, मधली जागा आहे, मानाची जागा आहे. ह्यांनी त्या चौकोनावर सगळ्यात भारी सीलिंग टाकलं. छत्रीसारखं, मधी झुंबर, भोवती तिपदरी झालर. मीच शिवलेली. ह्यांचा एक नियम होता, तुम्हा लाईनीतल्या माणसांना ठाऊक आहे. वर उघडं दिसलं की ह्यांना झोप लागत नसे. मंडप म्हणजे वर कापड पाहिजे. वर आभाळ दिसतंय म्हणजे मिस्त्री काम टाकून पळाला, असं लोक म्हणतील, ही ह्यांची भीती.

उद्घाटन झालं. टाळ्या झाल्या. एक टाय घातलेला पोरगा हातात रिमोट घेऊन चौकोनात आला. इंग्रजीत बोलला. ड्रोन उठला. गुंईईई करत वर गेला, आणि गेला तो गेलाच. झालरीत घुसला. नुसता आवाज. भुंगा गोधडीत अडकावा तसा. तो पोरगा बटनं दाबतोय, ड्रोन आतल्या आत कापड गुंडाळून घेतोय, झुंबर हालतंय, आणि पहिल्या रांगेतले पाहुणे टाळ्या वाजवतायत. त्यांना वाटलं, हेच दाखवायचं होतं.

साहेब ओरडले, "दादाराव, हे काय केलंत? ड्रोन वर उडतो!"

हे म्हणले, "उडतो ते आधी सांगायचं ना साहेब. तुम्ही मला डेमो म्हणला."

आणि बांबूवर चढले. सरसर. वर जाऊन झालर सोडवली, ड्रोन गुलाबी कापडात गुंडाळलेला तसाच काखेत घेतला आणि खाली येऊन त्या पोराच्या हातात दिला. कसा? बारशाला आत्याबाई बाळ देती ना, तसा. म्हणले, "घ्या. सुखरूप आहे."

त्याच प्रदर्शनात दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर येणार होतं. आता ह्यांचं डोकं कसं चालायचं ते सांगते. सगळ्यांचा माल टेम्पोतनं आला होता. खुर्च्या टेम्पोत, ड्रोन टेम्पोत, जनरेटर टेम्पोत. ह्यांनी गेटजवळ वाट मोकळी करून ठेवली होती, टेम्पो मागं घ्यायला. दोन माणसं उतरवून घ्यायला उभी केली होती. आणि हेलिकॉप्टर आलं हवेतनं.

आता हसताय, पण तवा आम्हा सगळ्यांना खरंच नवल वाटलं होतं. साहेब, तुम्ही काय पण सांगत नव्हता आम्हाला.

मंडपाच्या एवढ्या जवळ ते उतरायला लागलं, की पहिल्यांदा चहाचे कप उडाले, मग कनाती उडाल्या, मग माझं एवढं मोठं सीलिंग फुगलं. ह्यांनी कोपऱ्याची दोरी धरली. सोडणार कसे? कापड माझ्या हातचं होतं, फाटलं असतं तर घरी मी होते. दोरी मनगटाला गुंडाळली, पाय रोवले, आणि कापडानं ह्यांना उचललं. जमिनीवरनं वर. धोतर नव्हतं नेसले ते लई बरं झालं. हात वर, पाय हवेत, तोंडानं "धरा रे, धरा रे" चाललेलं. मग वारा पडला आणि हे सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर येऊन आपटले.

तेवढं उडाले हो ते. सबंध जन्मात तेवढंच. तेवढंच आभाळ.

साहेब पळत आले. हसून हसून ह्यांच्या, साहेबांच्या, डोळ्यांत पाणी. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणले, "दादाराव, तुम्ही तर पायलटच्या आधी उडालात! आता पुढच्या टायमाला खरंच बसवतो तुम्हाला हेलिकॉप्टरात. एक फेरी तुमची. वैनींना पण घेऊन या."

कोण कोण होतं तिथं? हात वर करा. रशीदभाई, तुम्ही होता. बघा, किती हात आहेत. मी बनवून सांगत नाय.

पुढच्या टायमाला.

मग पुढचा टाईम आला. प्रदर्शन दर साल भरायला लागलं, काम आमच्याकडंच राहिलं. ह्यांना आता सगळं कळायला लागलं. चौकोन उघडा ठेवायचा, हेलिकॉप्टर लांब उतरवायचं, कनाती डबल बांधायच्या. आणि प्रदर्शनाच्या आधी आठवडाभर हे जेवण तोडायचे. कारण पायलटसाहेब एकदा सहज बोलून गेले होते, हेलिकॉप्टरात वजन बघून बसवतात म्हणून. लोक दिवाळीला जाड होतात, आमचे हे प्रदर्शनाला बारीक व्हायचे. मटण बंद. भात बंद. मला पण घेऊन गेले, रशीदभाईंच्या दुकानाशेजारी भंगारवाल्याचा काटा आहे तिथं. मी म्हणलं, भर बाजारात मी काट्यावर उभी राहणार नाय. हे आधी राहिले. रशीदभाई दुकानातनं ओरडले, "भाभी, इनकू लोहे के हिसाब से तोलना या रद्दी के?" मी म्हणलं, "रद्दीच बरी, निदान हलकी असती."

पांढरी सफारी इस्त्री करून ठेवायचे. दाढी करायचे. नवा रुमाल. आणि मैदानावर दोरीच्या बाहेर उभे राहायचे. हेलिकॉप्टरभोवती दोरी असती ना, आणि एक पाटी असती, "हात लावू नये". ती पाटी ह्यांनीच बांधलेली. स्वतःच्या हातानं गाठ मारायचे आणि स्वतःच तिच्या बाहेर उभे राहायचे.

एका साली म्हणले वारा आहे. एका साली म्हणले परवानगी नाय. एका साली मंत्री आले, त्यांच्या माणसांनीच जागा भरल्या. एका साली तेल भरायची गाडी आली नाय. साहेब, मी तुमच्या सासूबाईंना काय म्हणत नाय, बाई चांगल्या आहेत. पण त्या बसल्या. बसल्या आणि उतरल्या त्या तोंडाला पदर लावून. त्यांना लिंबूपाणी कुणी आणून दिलं? दादारावांनी. आणून दिलं आणि विचारलं, "आईसाहेब, वरनं मंडप कसा दिसतो हो?" त्या म्हणल्या, "मी डोळेच उघडले नाहीत."

आठवडाभर ह्यांना ते लागून राहिलं. जागा मिळाली आणि डोळे उघडले नाहीत!

आणि तुमच्या मेव्हण्याचं ते पांढरं कुत्रं. ते पण बसलं. आता काय बोलू? कुत्र्याचा काय दोष. खिडकीतनं बघत तरी होतं बिचारं.

दर टायमाला साहेब गाडीत बसताना काच खाली करायचे आणि म्हणायचे, "दादाराव, या वेळी राहिलं. पुढच्या टायमाला." आणि हे मान हलवायचे. मी म्हणायचे, अहो, तो माणूस तुम्हाला खेळवतोय. हे म्हणायचे, "तसं नाय कांता. मोठ्या माणसाच्या मागं लई कामं असतात. ध्यानात आहे त्याच्या. दर साली आठवणीनं सांगतो की नाय?"

व्हय. आठवणीनं नाय म्हणायचा.

मी रागात आहे असं तुम्हाला वाटत असंल. आहेच. पण सगळ्यात जास्त कशाचा, ते ऐका.

प्रदर्शन संपलं की सीलिंग उतरवायचं. एवढं मोठं कापड एकट्याला घडी घालता येत नाय. दोघं लागतात. दोन कोपरे त्यांच्या हातात, दोन माझ्या, आणि एकमेकांकडं चालत यायचं. लग्नापासून आम्ही तसंच केलं. आणि नेमकं त्याच वेळेला मैदानावरनं हेलिकॉप्टर परत निघायचं. हे अर्ध्यात थांबायचे. कोपरे हातात, मान वर. ते हर्सूलच्या तळ्यावरनं जाऊन ठिपक्याएवढं होईपर्यंत हलायचे नाय. माझे हात भरून यायचे. मी ओरडायचे, "अहो, कोपरा!" मग भानावर येऊन चालायला लागायचे.

परवा मी शेडात एक कापड उघडलं आणि घडी घालायला गेले. दोन कोपरे धरले. आणि तोंडातनं निघालं, "अहो, कोपरा." समोर कुणी नव्हतं. राग त्याचा आहे.

थांबा. पाणी नको. मी ठीक आहे.

तर वरच्या बाजूचं सांगायचं राहिलं. ते महत्त्वाचं आहे, साहेब, तिकडं फोन बघू नका. सीलिंगला खालची बाजू असती, ती सगळे बघतात. वरच्या बाजूला टाके, गाठी, ठिगळं, काय पण असतं. कोण बघतंय? सगळे मंडपवाले तसंच करतात. आमच्या ह्यांनी त्या पहिल्या प्रदर्शनानंतर मला सांगितलं, "कांता, वरची बाजू पण नीट शिव." मी म्हणलं, वर काय कावळे बघणारेत? हे म्हणले, "पायलट बघतो की. हेलिकॉप्टरात बसणारे सगळे बघतात. त्यांना आपली उलटी बाजू दिसती." मग मी वरनं पांढरं अस्तर लावायला लागले. मग पिवळी किनार आली. दर साली ह्यांचं काहीतरी नवीन. आणि या साली, हे दवाखान्यात जायच्या आधी, ह्यांनी काय काढलं? म्हणले, वरच्या बाजूला नाव टाकू. मोठ्या अक्षरात. दादाराव मंडपवाले, हर्सूल. खाली फोन नंबर.

मी म्हणलं, "डोकं फिरलंय का? वर नाव टाकून कोण वाचणार?"

हे म्हणले, "वरनं एखादा नवरदेव चालला असंल. बघंल, फोन करंल. असल्या गिऱ्हाइकाकडं आपला नंबर कसा पोचणार दुसरा?"

आता ह्या माणसाला काय म्हणायचं? पण शिवलं मी. ह्यांनी शेडात जमिनीवर खडूनं अक्षरं काढून दिली, त्यावर मी लाल कापड कापलं. एकेक अक्षर माझ्या उंचीचं. एवढं कापड घरात पसरत नाय, शेडात पसरत नाय. एक अक्षर पसरायचं, शिवायचं, गुंडाळायचं, मग दुसरं. सबंध नाव मी एकदम कधी बघितलंच नाय. ह्यांनी पण नाय. सरळ आलंय का वाकडं, पहिलं अक्षर वर गेलंय का शेवटचं खाली, काय माहीत? वर चढवलं की खालनं दिसत नाय, खाली उतरवलं की मावत नाय. दवाखान्यात हे तेच विचारायचे. "कांता, सरळ आलं असंल ना?" मी म्हणायचे, "मी शिवलंय. वाकडं कसं येईल?" पण मला तरी कुठं ठाऊक होतं?

साहेब दवाखान्यात आले होते. ते मी मान्य करते. सफरचंदं घेऊन आले, खुर्ची ओढून बसले, ह्यांचा हात हातात घेतला. वाईट माणूस नाय तो. वाईट माणसाशी मी एवढं बोललेच नसते. पण जाताना दारात काय म्हणले? "दादाराव, लवकर बरे व्हा. पुढच्या टायमाला नक्की."

ते गेले आणि ह्यांनी मला जवळ बोलावलं. चेहरा फुललेला. म्हणले, "ऐकलं का? या वेळी नक्की म्हणला." मी दुधाचा कप पुढं केला, तर हातानं बाजूला सारला. लई उतरले होते. हाताची हाडं दिसत होती. म्हणले, "राहू दे. आता तर वजनाचं कुणी नाव काढणार नाय."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

आणि आज, साहेब, तुम्ही इथं उभं राहून ह्यांना श्रद्धांजली वाहिली आणि त्याच भाषणात सांगून टाकलं, की येतं प्रदर्शन आपल्या मैदानावरचं शेवटचं. त्याच्या पुढचं मोठ्या शहरात, पक्क्या हॉलमध्ये, एसीत. दादारावांशिवाय मंडपाची कल्पनाच करवत नाही म्हणलात. वा! म्हणून मंडपच बंद. बाकीच्यांनी मान हलवली. मी नाय हलवली. माझ्या डोक्यात एकच आलं. म्हणजे आता पुढचा टाईमच नाय.

तर मी सरळ बोलते. दादारावांची फेरी राहिलीय. ती मी घेणार.

हसू नका. माझी हौस नाय ही. मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं, मशीनवर पण मी भिंतीला टेकून बसते. हेलिकॉप्टरचा आवाज झाला की मी कानात बोळे घालते. वजन म्हणाल तर काल भंगारवाल्याच्या काट्यावर जाऊन आले, एकटी. आकडा इथं सांगणार नाय, पायलटसाहेबांना सांगीन, त्यांच्या कानात. मी काय मागत नाय. कागद नको, सत्कार नको, शाल नको, ह्यांच्या नावाचा पुरस्कार तर अजिबात नको. एक फेरी पाहिजे. मैदानावरनं वर जायचं, मंडपावर जरा थांबायचं, खाली यायचं. हर्सूलचं तळं, वाळूजचे पत्रे, ते काय मला बघायचे नाहीत. मला माझ्या हातचं शिवण बघायचंय. नाव सरळ आलंय का वाकडं. डोळे मी उघडे ठेवीन, साहेब. तुमच्या सासूबाईंसारखं नाय करणार.

कारण त्या माणसानं मला विचारलं होतं, आणि मी न बघता उत्तर दिलं. आता बघून आले की घरी जाऊन सांगीन त्याला, फोटोसमोर. वाकडं असंल तर वाकडं सांगीन. लई भांडंल. भांडू दे.

काम मी सोडलेलं नाय. शेवटच्या प्रदर्शनाचा मंडप मीच टाकणार. ह्यांची माणसं आहेत, मी आहे, बल्ल्या सरळ लागतील. बुधवारी सकाळी मैदानावर कापड चढतंय. तवा साहेब, तुमचं उत्तर मला बुधवारच्या आत पाहिजे. व्हय, का नाय. नाय म्हणालात तरी चालंल, ह्यांना तुम्ही सरळ "नाय" कधी म्हणलाच नाहीत, हे वाट बघत गेले, मी "नाय" ऐकून जगीन. पण "बघतो" म्हणू नका. "वारा बघून" म्हणू नका. आणि ते पुढच्या टायमाचं तर तोंडातनं काढूच नका. बुधवार उजाडला आणि उत्तर आलं नाय, तर मी दादारावांच्याच पद्धतीनं मंडप टाकीन. सगळा. तुमच्या त्या मधल्या चौकोनावर सुद्धा. झुंबर, तिपदरी झालर, सगळं. मग उडवा तुमचे ड्रोन.

झालं माझं. आता सगळ्यांनी उभं राहायचं. साहेब, तुम्ही पण. थोडा वेळ कुणी बोलायचं नाय. मी पण बोलणार नाय, म्हणजे बघा दादारावांचा केवढा मान आहे.

पण मान खाली घालू नका. तो खाली बघणारा माणूस नव्हता. वर बघा. हे तुमच्या डोक्यावर आहे ना, तेच ते नाव शिवलेलं कापड. ह्यांनी मापलेलं, मी शिवलेलं. ही गुलाबी, ही खालची बाजू. ही तुम्ही सगळ्यांनी आज बघितली. वरची कुणीच बघितली नाय अजून.

दादाराव, शेवटचा जयभीम.

साहेब, बुधवार.